कालावधी सांगताना इंग्रजीचा काळ कोणता?

‘वीस वर्षांपासून राहतो’ हे मराठीत सोपे; इंग्रजीत मात्र एका क्रियापदाच्या चुकीने अर्थच उलटतो

महाडपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी वसली आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या रायगड रोपवेचे खालचे स्थानक याच वाडीत असल्याने गडावर जाणाऱ्या पर्यटकांची येथे वर्दळ असते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत रायगड असल्याने मराठी न जाणणाऱ्या पाहुण्यांशी संवाद साधण्याची गरज येथील वाटाड्यांना, खानावळी चालविणाऱ्यांना आणि घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांना यापुढे अधिकच भासणार आहे.

अशा संवादातील पहिले काही प्रश्न बहुधा कालावधीचेच असतात. तुम्ही येथे किती वर्षे राहता? रोपवे कधीपासून आहे? गड किती वर्षे मराठ्यांकडे होता? उत्तरासाठी लागणारे इंग्रजी शब्द दहावी झालेल्या कोणालाही ठाऊक असतात. अडचण येते ती क्रियापदाच्या काळाची. वाडीतच राहणाऱ्याने ‘आय लिव्ह्ड हिअर फॉर ट्वेंटी इयर्स’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याची समजूत होते की हा गृहस्थ पूर्वी येथे राहत होता, आता अन्यत्र राहतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते; माहिती मात्र चुकीची पोहोचते. म्हणूनच कालावधी आणि काळ यांचा संबंध स्वतंत्रपणे समजून घेणे आवश्यक ठरते.

नावे सारखी, काम वेगळे

शाळेत इंग्रजीचे काळ मराठी नावांनी शिकविले जातात. ‘मी गेलो’ तो साधा भूतकाळ, ‘मी जात होतो’ तो अपूर्ण भूतकाळ, ‘मी गेलो आहे’ तो पूर्ण वर्तमानकाळ आणि ‘मी गेलो होतो’ तो पूर्ण भूतकाळ. प्रत्येकासमोर एकेक इंग्रजी रूप लिहिले जाते आणि दोन्ही भाषांत हे काळ एकमेकांना तंतोतंत जुळतात, असा समज दृढ होतो. एकच घटना सांगायची असेल तर ही जोडी बऱ्याच अंशी चालतेही. परंतु ‘दहा वर्षे’, ‘तीन दिवस’, ‘लहानपणापासून’ असा कालावधी वाक्यात आला की ती मोडते.

याचे कारण असे, की अजून चालू असलेला कालावधी मराठी वर्तमानकाळात सांगते. ‘मी वीस वर्षांपासून येथे राहतो’ किंवा ‘गेली वीस वर्षे राहत आहे’. आज राहतो ना, मग वर्तमानकाळ, हा मराठीचा साधा हिशेब आहे. इंग्रजीचा हिशेब निराळा आहे. कालावधीचे एक टोक मागे आहे आणि दुसरे टोक या क्षणाला टेकले आहे, म्हणून तेथे ‘हॅव’चे रूप येते: ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर ट्वेंटी इयर्स’. ‘आय लिव्ह हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स’ किंवा ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स’ ही वाक्ये म्हणजे मराठी वाक्याचा शब्दशः अनुवाद होय.

ही चूक एकट्या मराठी माणसाची नाही. इटालियन भाषक ‘आबितो क्वी दा वेंतान्नी’ असे म्हणतो. तेथेही क्रियापद वर्तमानकाळी आणि ‘दा’ हा आपल्या ‘पासून’सारखा. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्या इटालियन विद्यार्थ्याची जीभ ‘आय लिव्ह हिअर फ्रॉम ट्वेंटी इयर्स’ अशी घसरते. फ्रेंचमध्ये ‘देप्वी’ आणि जर्मनमध्ये ‘झाइट’ हे शब्दही वर्तमानकाळासोबतच येतात. हिंदीतील ‘बीस साल से रहता हूँ’ हेही त्याच वळणाचे. या बाबतीत वेगळी वाट धरली आहे ती इंग्रजीने. त्यामुळे शिकणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र ही वेगळी वाट नेमकी कोठे फुटते, हे त्याने ओळखले पाहिजे.

पहिला प्रश्न: संपला की चालू?

कालावधी सांगण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. बोलण्याच्या क्षणी हा कालावधी चालू आहे, की संपला आहे?

चालू असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. संपला असेल तर साधा भूतकाळ. शिवाजी महाराजांनी रायरीचा हा डोंगर १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून घेतला आणि १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. हा तेहतीस वर्षांचा कालखंड दोन्ही बाजूंनी बंद आहे. म्हणून ‘द मराठाज हेल्ड रायगड फॉर थर्टी-थ्री इयर्स’. येथे ‘हॅव हेल्ड’ म्हटल्यास गडावर आजही मराठ्यांची सत्ता आहे, असा अर्थ निघेल. याउलट जागतिक वारसा यादीतील गडाचे स्थान आजही कायम आहे, म्हणून ‘रायगड हॅज बीन ऑन द लिस्ट सिन्स २०२५’ असेच म्हणावे लागते.

माणसांविषयी बोलताना हा भेद अधिक जपावा लागतो. ‘माझे आजोबा या घरात साठ वर्षे राहिले’ असे दिवंगत आजोबांविषयी सांगायचे असेल तर ‘माय ग्रँडफादर लिव्ह्ड इन धिस हाउस फॉर सिक्स्टी इयर्स’. ‘हॅज लिव्ह्ड’ म्हटले की आजोबा हयात आहेत, असेच पाहुणा समजणार आणि कदाचित त्यांना भेटण्याची इच्छाही व्यक्त करणार.

‘राहिलो आहे’चा चकवा

मराठी भाषकांची सर्वांत मोठी फसगत होते ती पूर्ण वर्तमानकाळात. ‘मी मुंबईत दहा वर्षे राहिलो आहे’ हे वाक्य मराठीत अनुभव सांगते. बोलणारा आता मुंबईत नाही, पण त्याला मुंबई ठाऊक आहे, असा त्याचा रोख असतो. याचे शाळेतील पद्धतीने भाषांतर केले तर ‘आय हॅव लिव्ह्ड इन मुंबई फॉर टेन इयर्स’ असे वाक्य तयार होते आणि इंग्रजी ऐकणारा बहुधा त्याचा नेमका उलट अर्थ घेतो: हा गृहस्थ आजही मुंबईतच राहतो. महाड-पोलादपूर परिसरातील अनेक घरांतील माणसे नोकरीनिमित्त मुंबईत राहून गावी परतली आहेत. त्यांनी ‘आय लिव्ह्ड इन मुंबई फॉर टेन इयर्स’ एवढेच म्हणणे योग्य.

कालावधी नसेल तेव्हा मात्र ‘हॅव’ अनुभवासाठी चालते. ‘आय हॅव वर्क्ड इन मुंबई’ म्हणजे मुंबईत कधीतरी काम केले आहे. पुढे ‘फॉर टेन इयर्स’ जोडताच तेच वाक्य वर्तमानाला चिकटते. दोन-तीन शब्दांनी होणारा हा पालट ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

‘पासून’चे दोन वाटेकरी

मराठीत ‘पासून’ हा शब्दयोगी अव्यय दोन्ही ठिकाणी चालतो: ‘१९९६ पासून’ आणि ‘वीस वर्षांपासून’. इंग्रजीने हे काम दोघांत वाटून दिले आहे. कालावधीची सुरुवात सांगायची असेल तर ‘सिन्स’: सिन्स १९९६, सिन्स मंडे, सिन्स माय चाइल्डहुड. कालावधीची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’: फॉर ट्वेंटी इयर्स, फॉर थ्री डेज, फॉर अ लाँग टाइम.

ओळखण्याची खूण सोपी आहे. दिनदर्शिकेवर किंवा घड्याळात बोट ठेवून जो क्षण दाखविता येतो, त्याला ‘सिन्स’. जे मोजावे लागते, त्याला ‘फॉर’. ‘सिन्स’नंतर संपूर्ण वाक्यही येऊ शकते आणि त्यातील क्रियापद साधारणतः साध्या भूतकाळात असते: ‘आय हॅव नोन हिम सिन्स वुई वेअर इन स्कूल’. ‘सिन्स’ असलेल्या वाक्याच्या मुख्य भागात साधा भूतकाळ सहसा बसत नाही, कारण ‘सिन्स’ कालावधी थेट वर्तमानापर्यंत ओढून आणतो. ‘फॉर’ला असे बंधन नाही, तो चालू आणि संपलेल्या अशा दोन्ही कालावधींसोबत येतो. म्हणूनच ‘फॉर’च्या वाक्यात अर्थाचा सारा भार क्रियापदावर पडतो.

मराठीतील ‘मला येथे येऊन वीस वर्षे झाली’ या रचनेसाठीही इंग्रजीत सोय आहे: ‘इट हॅज बीन ट्वेंटी इयर्स सिन्स आय केम हिअर’. आणि ‘दोन वर्षांपूर्वी’साठी ‘बिफोर टू इयर्स’ नव्हे, तर ‘टू इयर्स अगो’ हा प्रयोग करावा. ‘अगो’ हा शब्द संपलेल्या क्षणाकडे बोट दाखवितो, त्यामुळे त्याच्यासोबत नेहमी साधा भूतकाळ येतो.

‘गेल्या’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. ‘गेल्या वर्षी’ म्हणजे संपलेले वर्ष. ‘लास्ट इयर’सोबत साधा भूतकाळ. ‘गेले वर्षभर’ म्हणजे आजच्या दिवसापर्यंत आलेले बारा महिने; ‘फॉर द पास्ट इयर’सोबत ‘हॅव’. मराठीत फरक केवळ प्रत्ययाचा, इंग्रजीत संपूर्ण काळाचा.

‘राहत होतो’ आणि ‘राहिलो होतो’

‘मी मुंबईत दहा वर्षे राहत होतो’ याचे भाषांतर करताना ‘वॉज लिव्हिंग’ हे रूप चटकन सुचते. परंतु एकूण कालावधी मोजून सांगताना इंग्रजी साधा भूतकाळच पसंत करते. अपूर्ण भूतकाळाचे काम वेगळे आहे. तो कालावधीची लांबी मोजण्यापेक्षा त्याच्या मध्यावर उभा राहून एखादी घटना पाहतो. ‘आय वॉज लिव्हिंग इन मुंबई व्हेन द रोपवे ओपन्ड’, म्हणजे रोपवे सुरू झाला त्या वेळी मुक्काम मुंबईत होता. तो कधी सुरू झाला आणि कधी संपला, याच्याशी या वाक्याला कर्तव्य नाही.

‘राहत असे’ किंवा बोलीतील ‘राहायचो’ यांसाठी ‘यूज्ड टू लिव्ह’ आहे. मात्र मोजलेल्या कालावधीशी त्याचे जमत नाही. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन मुंबई’ बरोबर. पुढे ‘फॉर टेन इयर्स’ जोडायचे असेल तर पुन्हा ‘लिव्ह्ड’कडेच वळावे.

‘होतो’चा मोह याहून अवघड. ‘मी काल महाडला गेलो होतो’ हे मराठीत नैसर्गिक आहे. जाऊन परतल्याची छटा त्यात असते. इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टु महाड यस्टर्डे’ म्हटले की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहू लागतो: गेला होतास, मग काय घडले? ‘हॅड’ला भूतकाळातीलच दुसरा एखादा टप्पा लागतो. तो टप्पा वाक्यात किंवा आधीच्या बोलण्यात नसेल, तर ‘आय वेंट’ पुरेसे आहे.

‘हॅड’ कोठे हवाच

असा दुसरा टप्पा जेथे खरोखर असतो, तेथे ‘हॅड’ला पर्याय नाही. ‘हॅव’ जसा आजपर्यंतचा कालावधी मोजतो, तसाच ‘हॅड’ भूतकाळातील एखाद्या क्षणापर्यंतचा कालावधी मोजतो. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा गड ताब्यात येऊन अठरा वर्षे झाली होती: ‘व्हेन शिवाजी वॉज क्राउन्ड इन १६७४, ही हॅड हेल्ड द फोर्ट फॉर एटीन इयर्स’. येथे केवळ ‘हेल्ड’ म्हटल्यास राज्याभिषेकाच्या वेळी गड हातात होता, हा धागाच तुटतो.

महाडच्याच इतिहासातील आणखी एक उदाहरण हा फरक अधिक स्पष्ट करते. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केलेल्या बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तेथे पाणी भरणे त्यांना शक्य झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तळ्यावर गेले व पाणी प्यायले. हे इंग्रजीत असे सांगता येईल: ‘व्हेन आंबेडकर ड्रँक फ्रॉम द टँक इन १९२७, इट हॅड बीन ओपन ऑन पेपर फॉर थ्री इयर्स’. ‘इट वॉज ओपन फॉर थ्री इयर्स’ म्हटल्यास तळे तीन वर्षे खुले होते आणि नंतर बंद झाले, असा भलताच इतिहास तयार होतो.

पायथ्याच्या वाडीला जिच्या नावाने ओळखले जाते, त्या हिरकणीची कथा सांगतानाही हाच काळ लागतो. दूध विकण्यास गडावर गेलेली हिरकणी सूर्यास्तानंतर दरवाजे बंद झाल्याने अडकली आणि घरी एकट्या असलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरली, अशी ही आख्यायिका आहे. ‘बाय द टाइम शी रीच्ड होम, हर बेबी हॅड बीन अलोन फॉर अवर्स’ या वाक्यात ती घरी पोहोचण्याचा क्षण हा दुसरा टप्पा आहे आणि बाळाचे एकटेपण तेथपर्यंत मोजले आहे.

‘हॅव लिव्ह्ड’ की ‘हॅव बीन लिव्हिंग’?

राहणे, काम करणे, शिकविणे अशा क्रियापदांबाबत ही दोन्ही रूपे चालतात आणि अर्थात फारसा फरक पडत नाही. ‘हॅव बीन लिव्हिंग’मध्ये क्रिया चालू असल्यावर किंवा ती तात्पुरती असल्यावर थोडा अधिक भर असतो. ‘इट हॅज बीन रेनिंग फॉर फोर डेज’ यासारख्या वाक्यात हेच रूप सहज वाटते.

ओळखणे, जवळ असणे, आवडणे अशी स्थिती दाखविणारी क्रियापदे मात्र ‘इंग’ स्वीकारत नाहीत. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो’ यासाठी ‘आय अ‍ॅम नोइंग हिम सिन्स टेन इयर्स’ असा प्रयोग आपल्याकडे सर्रास कानावर पडतो. त्याचे शुद्ध रूप ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ असे आहे.

प्रश्न ऐकताना आणि विचारताना

पाहुण्याला ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?’ असे विचारले, तर येऊन किती दिवस झाले, हे तो सांगेल. ‘हाउ लाँग आर यू हिअर फॉर?’ असे विचारले, तर एकूण मुक्काम किती दिवसांचा आहे, हे सांगेल. खोली किती दिवस द्यायची, हे ठरविणाऱ्याला दुसरा प्रश्न हवा असतो. मराठीतील ‘किती दिवस आहात?’ याच्या जवळ जाणारा प्रश्नही हाच.

‘कधीपासून’साठी ‘सिन्स व्हेन’ हे शब्द सुचणे स्वाभाविक आहे. परंतु इंग्रजी बोलण्यात ‘सिन्स व्हेन’मध्ये पुष्कळदा आश्चर्याचा किंवा अविश्वासाचा सूर असतो. साध्या चौकशीसाठी ‘हाउ लाँग’ बरा.

मुलाखत आणि दवाखाना

या फरकाची किंमत पर्यटनापुरती मर्यादित नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तरुणाने दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत ‘आय वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स’ असे सांगितले, तर त्याने आधीची नोकरी सोडली आहे, असे समजले जाते. पुढचा प्रश्न येतो: का सोडली? प्रत्यक्षात तो नोकरीत असेल तर ‘हॅव वर्क्ड’ हेच खरे उत्तर. परदेशी जाण्यासाठीच्या मुलाखतीत वास्तव्य आणि नोकरी यांचे कालावधी कागदपत्रांशी ताडून पाहिले जातात. तेथे काळाची चूक म्हणजे माहितीतील विसंगती ठरू शकते.

दवाखान्यातही तेच. ‘आय हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणजे ताप तीन दिवस होता, आता उतरला. ‘आय हॅव हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणजे तो आजही आहे. मराठी न जाणणाऱ्या डॉक्टरांसमोर ‘हॅव’ हा एवढासा शब्द निर्णायक ठरतो.

थोडक्यात

- येथे वीस वर्षांपासून राहतो (अजूनही): आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर ट्वेंटी इयर्स.
- १९९६ पासून येथे काम करतो (अजूनही): आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स १९९६.
- मुंबईत दहा वर्षे राहिलो, राहत होतो, राहिलो आहे (आता नाही): आय लिव्ह्ड इन मुंबई फॉर टेन इयर्स.
- तेव्हा मुंबईत राहत होतो: आय वॉज लिव्हिंग इन मुंबई देन.
- परत आलो तेव्हा मुंबईत दहा वर्षे झाली होती: व्हेन आय केम बॅक, आय हॅड लिव्ह्ड इन मुंबई फॉर टेन इयर्स.
- दोन वर्षांपासून भेटलो नाही: आय हॅव नॉट मेट हिम फॉर टू इयर्स.
- दोन वर्षांपूर्वी भेटलो होतो: आय मेट हिम टू इयर्स अगो.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘इज टॉट’ म्हणावे, ‘वॉज टॉट’ म्हणावे की ‘हॅज बीन टॉट’, याचे उत्तर काळांची कोष्टके पाठ करून मिळत नाही. शिकविणे आजही चालू आहे काय, एवढे पाहिले की उत्तर आपोआप हाती येते: ‘हॅज बीन टॉट’.